शहापुरातील युद्धनौकांच्या प्रतिकृती आणि त्यांच्या पाट्या

बेळगावात शहापूरच्या साड्यांच्या पेठेमागील एका बोळात युद्धनौकांच्या लाकडी प्रतिकृती करून देणारे एक छोटे दुकान आहे. पुढे काचेची दोन कपाटे, मागे कारागिरांची खोली, आणि तोफा, रडार, नांगर असे पितळेचे सुटे भाग उद्यमबागेतील एका फौंड्रीतून ओतून आणलेले, असा एकंदर पसारा आहे. माझ्यासाठी आणि नात्यातील निवृत्त नौसैनिकांसाठी मी येथून अनेक प्रतिकृती करून घेतल्या आहेत. लाकूडकाम चांगले आहे, पण तेवढ्याच दर्जाचे काम अन्यत्रही मिळते. या दुकानाविषयी सविस्तर लिहावेसे वाटते ते येथे जहाजाचे नाव ज्या काळजीने हाताळले जाते, त्या काळजीमुळे.

आपला हा सीमाभाग सैनिकांचा आहे. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र शहरातच असल्यामुळे पायदळाची परंपरा सर्वांना ठाऊक असते, परंतु खानापूर, निपाणी आणि पलीकडच्या चंदगड-गडहिंग्लज भागातून नौदलात गेलेली मंडळीही घरोघरी भेटतात. निवृत्तीनंतर अशा माणसाला भेट द्यायची ती त्याने सेवा केलेल्या नौकेची, असे बहुतेकांना वाटते आणि येथेच खरी अडचण सुरू होते. दुकानात जाऊन ‘निलगिरी हवी’ असे सांगितले, तर मालक लगेच वही उघडत नाहीत. ते विचारतात, ‘कुठली म्हणायची सर, बाहत्तरची की आत्ताची?’

हा प्रश्न विचारणारे दुकान मला दुसरे आढळलेले नाही. मुंबई-पुण्याकडच्या भेटवस्तूंच्या दुकानांत आणि ऑनलाइन मिळणाऱ्या प्रतिकृतींमध्ये जहाजाचा आकार एका पिढीचा आणि पाटीवरची माहिती दुसऱ्या पिढीची, असा घोटाळा मी वारंवार पाहिला आहे. ‘निलगिरी’ या नावाच्या दोन वेगळ्या युद्धनौका आहेत. पहिली मुंबईच्या माझगाव गोदीत बांधली गेली आणि ३ जून १९७२ रोजी नौदलात दाखल झाली. ब्रिटिशांच्या लिअँडर वर्गाच्या आराखड्यावर आधारलेली ही नौका भारतात बांधलेली पहिली मोठी युद्धनौका मानली जाते. तिच्यामागून हिमगिरी, उदयगिरी, दुनागिरी, तारागिरी आणि विंध्यगिरी आल्या. या सहाही नौका १९९६ ते २०१३ या काळात एकेक करून निवृत्त झाल्या. त्यानंतर प्रकल्प १७ अ या नावाने ज्या सात नव्या फ्रिगेट (मध्यम आकाराच्या युद्धनौका) बांधायला घेतल्या गेल्या, त्यांतील सहांना हीच सहा नावे पुन्हा देण्यात आली. नवी निलगिरी १५ जानेवारी २०२५ रोजी दाखल झाली. जुनीची लांबी सुमारे ११३ मीटर, तर नवीची १४९ मीटर. जुनीवर उंच धुराडे, डोलकाठी आणि पुढे जोडतोफ. नवीच्या भिंती शत्रूच्या रडारवर कमी दिसाव्यात म्हणून तिरप्या आणि सपाट केलेल्या. ज्याने ऐंशीच्या दशकात बॉयलरच्या खोलीत घाम गाळला, त्याच्या हाती ही नवी, गुळगुळीत नौका ठेवली तर त्याला आनंद कसा व्हावा?

नौदलात नावे कशी ठरतात याची माहिती दुकानदारांना चांगली आहे आणि ते ती गिऱ्हाइकाला समजावूनही सांगतात. यासाठी अंतर्गत नामकरण समिती असते आणि जहाजाच्या प्रकारानुसार नावांचे संकेत ठरलेले आहेत. विनाशिकांना (डिस्ट्रॉयर, म्हणजे वेगवान युद्धनौकांना) प्रामुख्याने शहरांची किंवा योद्ध्यांची आठवण देणारी नावे, फ्रिगेटना पर्वत, नद्या किंवा शस्त्रे यांची, लहान कॉर्व्हेटना हाती धरण्याच्या शस्त्रांची किंवा बेटांची, आणि पाणबुड्यांना शिकारी माशांची किंवा समुद्राशी नाते सांगणारी नावे दिली जातात. बांधणी सुरू असताना नौकेला गोदीचा नुसता क्रमांक असतो. इंफाळ ही विनाशिका माझगाव गोदीत दीर्घकाळ ‘यार्ड १२७०६’ होती, आणि २६ डिसेंबर २०२३ रोजी ती ‘आयएनएस इंफाळ’ म्हणून दाखल झाली. जलावतरणाच्या वेळी नौकेला नाव देण्याचा मान आपल्याकडे स्त्रीला दिला जातो.

एकाच वर्गातील नौकांची नावे एकाच अक्षराने सुरू होण्याची पद्धत ब्रिटिशांकडून आली. तिचे अतिशय बोलके उदाहरण या दुकानाच्या डावीकडील कपाटात मांडलेले आहे. स्वातंत्र्यानंतर लगेच, १९४९ मध्ये, भारताने ब्रिटनकडून ‘आर’ वर्गाच्या तीन विनाशिका घेतल्या. रॉदरहॅमची ‘राजपूत’ झाली, रिडाउटची ‘रणजित’ आणि रेडरची ‘राणा’. पुढे ऐंशीच्या दशकात सोव्हिएत बनावटीच्या विनाशिका आल्या, तेव्हा ही तिन्ही नावे पुन्हा वापरली गेली आणि ‘र’चा धागा पुढे ओढत रणवीर व रणविजय ही दोन त्यांत जोडली गेली. म्हणजे इंग्रजी कारखान्यातील एका वर्गाचे आद्याक्षर रशियन बनावटीच्या जहाजांवर भारतीय नावांच्या रूपाने उतरले. तीच गोष्ट गोदावरी, गोमती आणि गंगा यांची. पन्नासच्या दशकात ही नावे ब्रिटनकडून आलेल्या हंट वर्गाच्या तीन लहान विनाशिकांना होती. १९८३ पासून ती भारतात बांधलेल्या तीन फ्रिगेटना मिळाली. गोदावरीचा प्रवास तर त्याहूनही मागे जातो, कारण दुसऱ्या महायुद्धात रॉयल इंडियन नेव्हीत या नावाची एक स्लूप (लहान रक्षक युद्धनौका) होती आणि फाळणीच्या वाटणीत ती पाकिस्तानकडे गेली. दुकानात या तिन्ही ‘गोदावरी’ एका फळीवर ओळीने ठेवलेल्या आहेत आणि प्रत्येकीखाली सालाची पाटी आहे. विकत काही घ्यायचे नसले तरी ती फळी पाहून यावी, असे मी आग्रहाने सांगेन.

आता प्रत्यक्ष कामाविषयी. सांगाडा सागवानाचा, वरचे मजले शिवणीचे, आणि त्यावर नौदलाचा करडा रंग दोन हातांचा. दीड फुटी प्रतिकृतीला सुमारे सात हजार रुपये पडतात. काचेची पेटी हवी असल्यास त्याचे पैसे वेगळे. पितळी पाटीवर नौकेचे नाव, दाखल झाल्याचे व निवृत्तीचे साल आणि मानचिन्ह कोरलेले असते. नाव देवनागरी, कन्नड किंवा इंग्रजी, हव्या त्या लिपीत कोरून मिळते, आणि या शहरात हा विषय किती नाजूक आहे हे लक्षात घेता, त्याविषयी कोणतीही कुरकुर न करता गिऱ्हाइकाचे ऐकले जाते याचे मला मोल वाटते. सोबत एक छापील पत्रिका दिली जाते. तीत त्या नावाच्या आधीच्या आणि नंतरच्या नौकांची हकीकत असते.

मानचिन्हांच्या बाबतीत येथील कोरीवकाम खरोखर उत्तम आहे. मी घेतलेली ‘म्हैसूर’ याची साक्ष देते. ‘एचएमएस नायजेरिया’ ही ब्रिटिश क्रूझर (तोफांची मोठी युद्धनौका) १९५७ मध्ये ‘म्हैसूर’ नावाने आपल्या नौदलात आली आणि १९८५ पर्यंत सेवेत राहिली. १९९९ मध्ये त्याच नावाची विनाशिका माझगाव गोदीतून दाखल झाली. विनाशिकेच्या मानचिन्हावर गंडभेरुंड, म्हणजे पूर्वीच्या म्हैसूर संस्थानाचा दोन मुखांचा पक्षी आहे आणि बोधवाक्य ‘न बिभेति कदाचन’ हे तैत्तिरीय उपनिषदातील आहे. कर्नाटकाच्या राजमुद्रेवर आपण तोच पक्षी रोज सरकारी कागदांवर पाहतो. पितळेवर एवढ्याशा जागेत दोन्ही माना, चोची आणि पिसांच्या ओळी स्पष्ट उतरल्या आहेत. क्रूझरचा क्रमांक सी ६० आणि विनाशिकेचा डी ६० असल्यामुळे अंकही कसा पुढे चालत आला हे पत्रिकेत आवर्जून नोंदवले आहे.

माझी गंभीर तक्रार पत्रिकेविषयीच आहे. जुन्या ‘खुकरी’च्या प्रतिकृतीसोबत आलेल्या पत्रिकेवर ‘निवृत्ती: १९७१’ असे छापलेले होते. खुकरी निवृत्त झालेली नाही. ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री दीवजवळच्या समुद्रात ‘हंगोर’ या पाकिस्तानी पाणबुडीने तिला बुडवले. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक तिच्याबरोबर गेले आणि कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांनी अखेरपर्यंत आपली नौका सोडली नाही. त्यांना मरणोत्तर महावीर चक्र देण्यात आले. हे सर्व ‘निवृत्ती’ या एका शब्दाखाली झाकले जाणे मला असह्य वाटले आणि मी ते तेथेच सांगितले. मालकांनी वाद घातला नाही. शिल्लक पत्रिका बाजूला काढल्या आणि नव्या छपाईत ‘युद्धात जलसमाधी’ असे शब्द घातले. तरीही अशी चूक मुळात व्हायला नको होती, कारण ज्यांच्या घरी ही प्रतिकृती जाते त्यांच्यापैकी काहींचे या रात्रीशी फार जवळचे नाते असते.

याच संदर्भात बुडालेल्या जहाजाचे नाव पुन्हा ठेवावे का, हा प्रश्न दुकानात नेहमी निघतो आणि काही गिऱ्हाइके ते अशुभ मानतात. नौदलांनी मात्र नेमके उलट वागून दाखवले आहे. खुकरी हे नाव २३ ऑगस्ट १९८९ रोजी एका नव्या कॉर्व्हेटला दिले गेले. तिने ३२ वर्षे सेवा केली आणि निवृत्तीनंतर स्मारक म्हणून ती दीवलाच नेण्यात आली, म्हणजे जिच्या नावाने ती ओळखली गेली ती नौका ज्या पाण्यात गेली त्याच किनाऱ्यावर. अमेरिकेतही १९४२ च्या मे महिन्यात ‘लेक्सिंग्टन’ ही विमानवाहू नौका कोरल समुद्रात गमावल्यावर, ती जिथे बांधली गेली होती त्या क्विन्सी येथील गोदीच्या कामगारांनीच मागणी केली आणि बांधणी सुरू असलेल्या ‘कॅबट’चे नाव बदलून ‘लेक्सिंग्टन’ ठेवले गेले. पुढच्याच महिन्यात मिडवेच्या लढाईत ‘यॉर्कटाउन’ बुडाली आणि तिचेही नाव असेच दुसऱ्या बांधणीतल्या नौकेला मिळाले. उलट जर्मनीने १९४० मध्ये ‘डॉइचलांड’ या नौकेचे नाव बदलून ‘ल्युत्सोव’ केले, कारण देशाचे नाव धारण करणारी नौका बुडाली तर लोकांवर काय परिणाम होईल, याची हिटलरला धास्ती होती. एका बाजूला गेलेले नाव मागून घेणारे गोदी कामगार आणि दुसऱ्या बाजूला न गेलेले नाव काढून घेणारी सत्ता. माझा कौल कामगारांच्या बाजूने आहे, आणि दोन्ही खुकरी शेजारी शेजारी ठेवण्याचा दुकानाचा आग्रह मला म्हणूनच पूर्णपणे योग्य वाटतो. दोन्ही एकत्र घेतल्यास किमतीत थोडी सूटही मिळते.

पाणबुड्यांचे काम मात्र मध्यम आहे. आकार साधा असल्यामुळे कारागिरांना तेथे कौशल्य दाखवायला जागा कमी असते हे खरे, पण १९६८ ची सोव्हिएत बनावटीची ‘खांदेरी’ आणि २८ सप्टेंबर २०१९ रोजी दाखल झालेली फ्रेंच आराखड्याची ‘खांदेरी’ यांतील फरक नीट दिसायला हवा होता. जुनीचा डेक वरून सपाट आणि मधला मनोरा लांबट होता. दुकानाने दोन्ही जवळपास एकाच साच्यातून काढल्यासारख्या केल्या आहेत. शिवाजी महाराजांनी १६७९ मध्ये ज्या बेटावर तटबंदी उभारली आणि जिच्यासाठी इंग्रज व सिद्दी यांच्याशी झुंज दिली, त्या खांदेरीचे नाव असलेल्या पाणबुडीला या भागात सर्वाधिक मागणी असते. त्यामुळे निदान तिच्याकडे तरी अधिक लक्ष द्यावे, असे मनापासून वाटते.

प्रमाणाचा दोष त्याहून मोठा आहे. सर्व प्रतिकृती दीड फुटांच्या करण्याची पद्धत असल्यामुळे ‘विक्रांत’ आणि ‘खुकरी’ एकाच लांबीच्या दिसतात. पहिली विक्रांत सुमारे २१३ मीटर लांब होती आणि दुसरी २६२ मीटर आहे, तर जुनी खुकरी शंभर मीटरचीही नव्हती. ‘एचएमएस हर्क्युलिस’ म्हणून महायुद्धात बांधायला घेतलेली, अर्धवट राहिलेली आणि भारताने विकत घेऊन ४ मार्च १९६१ रोजी ‘विक्रांत’ नावाने दाखल केलेली ती नौका ३१ जानेवारी १९९७ रोजी निवृत्त झाली. काही वर्षे मुंबईत संग्रहालय म्हणून राहिली आणि अखेर भंगारात निघाली. २ सप्टेंबर २०२२ रोजी कोचीत दुसरी विक्रांत दाखल झाली तेव्हा नाव, आर ११ हा क्रमांक आणि ‘जयेम सं युधि स्पृधः’ हे ऋग्वेदातील बोधवाक्य, ही तिन्ही तिच्याकडे आली. एवढा वारसा पत्रिकेत नेमकेपणाने लिहिणाऱ्या दुकानाने दोन्ही विक्रांत एका मापाच्या कराव्यात, हे पटत नाही. मागणी केल्यास प्रमाणबद्ध जोडी करून मिळते, पण खर्च जवळजवळ दुप्पट होतो.

उजवीकडच्या लहान कपाटात आपल्या मुलखाशी नाते असलेली नावे ठेवली आहेत, आणि मला हा संग्रह सर्वांत प्रिय आहे. तेथे ‘म्हादेई’ ही शिडाची नौका आहे. खानापूर तालुक्यातील जंगलात उगम पावून गोव्यात उतरणाऱ्या नदीचे नाव तिला मिळाले. गोव्यातच बांधलेल्या या नौकेतून दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण करणारे पहिले भारतीय होण्याचा मान मिळवला आणि त्यानंतर अभिलाष टॉमी यांनी तिच्यातूनच कोठेही न थांबता ती फेरी पुन्हा केली. शेजारी ‘कृष्णा’ आहे. अथणी-चिकोडीकडची आपली कृष्णा आधी महायुद्धकाळातील स्लूपला आणि नंतर ब्रिटनकडून १९९५ मध्ये घेतलेल्या ‘अँड्रोमेडा’ या फ्रिगेटला नाव देऊन गेली. ही दुसरी कृष्णा प्रशिक्षण नौका म्हणून २०१२ पर्यंत वापरात होती. कारवारसमोरच्या बेटाचे नाव असलेली ‘अंजदीप’ही येथे जुन्या रूपात मिळते; त्या नावाच्या नव्या पाणबुडीविरोधी नौकेचे जलावतरण २०२३ मध्ये झाले. श्रवणबेळगोळच्या टेकडीचेही नाव असलेल्या ‘विंध्यगिरी’ची नवी नौका त्याच वर्षी १७ ऑगस्टला कोलकात्यात पाण्यात उतरली. जुनी विंध्यगिरी २०११ च्या जानेवारीत मुंबई बंदराजवळ व्यापारी जहाजाशी झालेल्या टकरीनंतर बुडाली होती, हे पत्रिकेत स्पष्ट लिहिलेले आहे, आणि तसे लिहिलेच पाहिजे.

याच कपाटात ‘आयएनएस कदंब’चे मानचिन्हही मिळते. कदंब हे जहाज नव्हे; कारवारचा तो नाविक तळ आहे. किनाऱ्यावरील तळांनाही जहाजांसारखीच नावे आणि तीच ‘आयएनएस’ ही उपाधी देण्याची नौदलाची पद्धत असल्यामुळे ते येथे आले आहे. हा तळ ३१ मे २००५ रोजी कार्यान्वित झाला आणि बनवासीच्या कदंब घराण्यावरून त्याचे नाव ठेवले गेले. खानापूरजवळचे हलशी हे कदंबांच्या राजधान्यांपैकी एक होते. तेथील भूवराह नरसिंह मंदिर पाहिलेल्या बेळगावकराला हे नाव परके वाटणार नाही. मानचिन्हाची लाकडी ढाल प्रतिकृतीपेक्षा बरीच स्वस्त आहे आणि शाळेला किंवा ग्रंथालयाला भेट देण्यास अगदी योग्य आहे.

वेळेच्या बाबतीत सावध राहावे. एरवी एक महिन्यात काम मिळते, पण गणेशोत्सवाच्या आधी कारागीर मखरांच्या आणि देखाव्यांच्या कामाला लागतात आणि त्या काळात दिलेला शब्द पाळला जात नाही, असा माझा अनुभव आहे. वेष्टन भक्कम असते. कोल्हापूर आणि पुण्याला बसच्या पार्सलने पाठवलेल्या पेट्या सुखरूप पोहोचल्या, मात्र डोलकाठ्या वेगळ्या बांधून द्यायला सांगाव्यात. मागणी नोंदवताना नौकेचे नाव, तिचा क्रमांक आणि संबंधित व्यक्तीची सेवेची वर्षे कागदावर लिहून द्यावीत, म्हणजे कोणत्या पिढीची नौका करायची हे निश्चित होते. ज्या नावाला पूर्वज नाही, उदाहरणार्थ नव्या निलगिरी वर्गातील सातवी ‘महेंद्रगिरी’, तिच्या पत्रिकेत मागचा रकाना ते कोरा सोडतात आणि त्या कोऱ्या रकान्याचे पैसे अर्थातच घेत नाहीत. तिची किंमत त्यामुळे किंचित कमी आहे.